पोलादाचा एकच गोळा

कमरुन्निसाला गुहेत पोलादाचा गोळा सापडला आणि त्याच दिवसापासून चौघींच्या मैत्रीला गंज चढायला लागला.

गुहा खरी नव्हती, गोळा खरा नव्हता, ज्या बेटावर ती गुहा होती ते बेटही कॉम्प्युटरच्या पडद्यापलीकडे कुठेच नव्हतं. मैत्री मात्र छत्तीस वर्षांची, अगदी खरी. सरोजाक्षीबाई, गौरम्मा, फिलोमिना आणि कमरुन्निसा या चौघी टेलिफोन एक्सचेंजमध्ये एका ओळीत बसायच्या आणि कानाला हेडफोन लावून अख्ख्या जिल्ह्याची बोलणी जुळवून द्यायच्या. निवृत्तीनंतर पांगापांग झाली. सरोजाक्षीबाई म्हैसूरलाच राहिल्या. गौरम्मा दावणगेरेला गेली, फिलोमिना मंगळूरला आणि कमरुन्निसा हुबळीला. फिलोमिनाच्या सुनेनं सासूला हा खेळ लावून दिला, सासूनं तिघींना ओढलं, आणि आता रोज दुपारी तीनला चारही शहरांत चार बायका पुन्हा हेडफोन चढवून बसू लागल्या. जन्मभर दुसऱ्यांना "तुमची तीन मिनिटं झाली" असं सांगणाऱ्या बायका त्या. स्वतः दीड-दीड तास बोलायच्या आणि मधे कुणी टोकत नसे.

खेळ असा, की बेटावर रिकाम्या हातांनी उतरायचं आणि जगून दाखवायचं. लाकूड तोडा, दगड फोडा, हत्यारं करा, घर बांधा. चौघींनी आठ महिन्यांत नदीकाठी दुमजली घर उठवलं होतं. पुढे तुळशीकट्टा होता, जिन्याखाली मेरीमातेचा कोनाडा होता, आणि कमरुन्निसाच्या हट्टापायी पाहुण्यांसाठी वेगळी खोलीही होती. आजवर त्या बेटावर पाहुणा म्हणून एक अस्वल तेवढं आलं होतं. शिवाय चौदा मेंढ्या.

आणि एका सोमवारी पडद्यावर पाटी झळकली: येत्या रविवारी साडेतीन वाजता नदीला महापूर.

चौघींची सगळी हत्यारं दगडी. भट्टीत पोलाद घालून एखादं हत्यार सुधारून घेतलं, की ते दसपट काम करायचं. पोलाद मात्र बेटावर दुर्मीळ. आठ महिन्यांत मिळाला तो हा एक गोळा. एक गोळा, म्हणजे एकच हत्यार.

"टिकाव," कमरुन्निसा म्हणाली. "दगड फोडू, बांध घालू. पाणी बांधाच्या पलीकडे, आपण अलीकडे. गोळा माझा, म्हणून म्हणत नाही हं."

"मग म्हणतेस कशाला?" गौरम्मा म्हणाली. "दगड रचत बसशील तर पुढच्या वर्षीचा पूर येईल. कुऱ्हाडीला लावा पोलाद. खांब तोडू, घरच उचलून घेऊ वर."

"घर उचलायचं?" फिलोमिना हसली. "आमच्याकडे दर पावसाळ्यात पाणी येतं गं बायांनो, मला विचारा. पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. फावडं द्या मला, चर खणते."

तिघींचं तीन तोंडांनी बरोबर होतं. हीच अडचण होती. चौथं मत सरोजाक्षीबाईंचं, आणि कोठाराची किल्लीही त्यांच्याचकडे, कारण त्या एकेकाळी या तिघींच्या सुपरवायझर होत्या. तिघी गप्प झाल्या तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की हेडफोनमधली ही शांतता आपल्या नावानं आहे.

"मी विचार करते," त्या म्हणाल्या. "बुधवारी सांगते."

"सांग," गौरम्मा म्हणाली. "पण या वेळी वेळेत सांग."

बाकीच्या दोघी खोकल्या. सरोजाक्षीबाईंनी आपल्या हेडफोनची तार उगाचच सरळ केली.

'या वेळी' या शब्दांमागे चौऱ्याण्णव सालचं एक परिपत्रक होतं. सुपरवायझरची एक जागा निघाली होती, खात्यांतर्गत परीक्षा होती, आणि परीक्षेच्या तारखेचं परिपत्रक सर्वांना दाखवून सह्या घ्यायचं काम सरोजाक्षीबाईंकडे आलं होतं. फिलोमिनाला आणि कमरुन्निसाला त्यांनी दाखवलं. गौरम्मा त्या दिवशी रजेवर होती. ती परत आली तेव्हा परिपत्रक बाईंच्या खणात होतं, आणि ते बाहेर आलं तेव्हा अर्ज करायची मुदत संपून गेली होती. गौरम्मा सगळ्यांत ज्येष्ठ होती, हुशारही होती. जागा सरोजाक्षीबाईंना मिळाली. "विसरले गं," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. गौरम्मा "बरं" म्हणाली, आणि मग चार महिने दोघी एकाच खोलीत बसून एकमेकींशी फक्त "ट्रंक लाइन दे" एवढंच बोलत होत्या. नंतर गौरम्माच्या घरी मूल झालं, बारशाला सगळ्या गेल्या, विषय मिटला. म्हणजे पांघरूण घातलं गेलं. आपण खरंच विसरलो होतो, असं बाईंनी स्वतःला इतक्या वेळा इतक्या तऱ्हांनी सांगितलं होतं, की आता त्यांनाही नेमकं आठवत नव्हतं.

तर, हत्यार निवडायचं. बाईंनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. ही पहिली चूक.

पद्मनाभय्या सरकारी भांडारातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत त्यांनी तीन कोटेशनांशिवाय टाचणीसुद्धा विकत घेतली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, जुनी फाइल काढली आणि विचारलं, "गरज कोणी नोंदवली?"

"अहो, पूर येतोय."

"पूर गरज नोंदवत नसतो. गरज नोंदवतो तो विभाग. टिकावाची मागणी लेखी आहे का?"

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तुलनात्मक तक्ता तयार केला. उभ्या रकान्यात टिकाव, कुऱ्हाड, फावडं; आडव्या ओळींत उपयुक्तता, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय आणि 'शेरा'. शेऱ्याच्या ओळीत तिन्हींखाली त्यांनी 'विचाराधीन' असं लिहिलं.

मंगळवारी शेजारचे शिवरुद्रप्पा कॉफीला आले. कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांना पद्मनाभय्यांनी तक्ता दाखवला. ही दुसरी चूक, पण ती बाईंची नव्हती.

"हत्यार मागाहून," शिवरुद्रप्पा कॉफी ओढत म्हणाले. "आधी सांगा, नदीकाठची माती कसली? काळी की तांबडी?"

बाईंनी डोळ्यांसमोर पडदा आणला. "हिरवी."

"हिरवी माती नसते हो."

"आमच्याकडे असते."

"असेल तर त्यात तांबं आहे. फावडं बाद." त्यांनी कप खाली ठेवला. "मुळात नदीच्या इतक्या जवळ घर बांधायला परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

पद्मनाभय्यांनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "परवानगी घेतलेली नाही?"

"अस्वलाकडून घ्यायची होती का?" बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

आत जाऊन त्यांनी ओट्याशी उभं राहून शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. टिकाव म्हटलं की कमरुन्निसा बरोबर वाटे. मग फिलोमिनाचं मंगळूर आठवे आणि फावडं बरोबर वाटे. कुऱ्हाडीपाशी मन आलं की ते तिथून चटकन पुढे सरके. कुऱ्हाड निवडली तर गौरम्माला वाटेल, ही जुनी भरपाई करतेय. नाही निवडली तर वाटेल, पुन्हा डावललं. नुसतं एक लाकूड तोडायचं हत्यार, पण बाईंना त्याच्या पात्याला हात लावायची भीती वाटायला लागली. त्या नादात त्यांनी सारात मीठ दोनदा घातलं. पद्मनाभय्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं, आणि तक्त्यात कशाची तरी नोंद केली.

बुधवारी दुपारी बारालाच त्या एकट्या बेटावर गेल्या. मन शांत करायला म्हणून दोन मेंढ्यांची लोकर कातरली. मेंढ्या कातरताना त्यांना नेहमी बरं वाटायचं. त्यात मत द्यावं लागत नसे. मग कोठारातला गोळा घेऊन भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे पद्मनाभय्या तक्ता मोठ्यानं वाचत होते. "टिकाव, दांडा वगळून, परिमाण एक नग..."

"अहो, जरा गप्प बसता का?"

"नियम सात: निर्णय घेताना भांडारप्रमुख उपस्थित पाहिजे."

पडद्यावर प्रश्न आला: हातातलं हत्यार पोलादी करायचं? नक्की? बाईंचा कान नियम सातकडे आणि डोळा भट्टीकडे. त्यांना वाटलं, हत्यार निवडायची यादी आता पुढे येईल. त्यांनी 'हो' दाबलं. भट्टी भडकली, ठिणग्या उडाल्या, तुतारी वाजली, आणि बाईंच्या हातात, लखलखती, निळ्या झाकेची, बेटावरची एकमेव पोलादी वस्तू अवतरली.

मेंढ्या कातरायची कात्री.

यादीबिदी काही नव्हती. जे हातात, तेच भट्टीत. पद्मनाभय्या चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकले.

"हे तक्त्यात नव्हतं," ते म्हणाले.

दुपारी तीनला बाई बेटावर गेल्या नाहीत. 'डोकं दुखतंय' एवढा निरोप टाकला आणि मोबाइल उलटा करून ठेवला. फोन करून खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण ते अर्धं मिनिट गौरम्मासमोर काढायचं होतं. संध्याकाळी मोबाइल सुलटा केला, तर तिचं एकच उत्तर आलेलं होतं: 'कळलं.' नेमकं काय कळलं, ते त्यात नव्हतं.

गुरुवारी पद्मनाभय्यांनी सूत्रं हाती घेतली. खेळवाल्या कंपनीला त्यांनी सविस्तर अर्ज केला: 'विषय: चुकून झालेल्या कात्रीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये...' कात्री परत घेऊन गोळा मूळ स्थितीत द्यावा, अशी विनंती केली आणि तक्ता सोबत जोडला.

चार मिनिटांत उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर देणाऱ्या खात्यावर पद्मनाभय्यांचा विश्वास बसेना. उत्तरात लिहिलं होतं, की अर्ज तपासण्यासाठी आधी खेळाडूनं आपली जन्मतारीख भरावी.

जन्मतारखेसाठी पडद्यावर आकड्यांचं एक चाक होतं, ते बोटानं फिरवायचं. बाईंनी एकोणीसशे एकसष्टपर्यंत ते कष्टानं आणलं. तेवढ्यात बाहेर दुधवाल्यानं घंटी वाजवली, बोट निसटलं आणि चाक गरगरत दोन हजार सोळावर जाऊन थांबलं. पद्मनाभय्यांनी 'पाठवा' दाबलं. त्यांचं म्हणणं, की बाईंनी होकारार्थी मान हलवली होती. बाई म्हणतात, ती दुधवाल्याला होती.

शुक्रवारी पत्र आलं. 'प्रिय छोट्या साहसवीरा!' अशी सुरुवात होती आणि शेजारी फुग्याचं चित्र होतं. तुझी तक्रार आम्हाला समजली, पण इतक्या लहान मुलांचे अर्ज आम्ही आईबाबांच्या संमतीशिवाय घेत नाही, असा मजकूर.

सरोजाक्षीबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. ज्या बाईनं कलेक्टरला "लाइन बिझी आहे, वाट बघा" असं सुनावलं होतं, त्या बाईला फुगा.

"चूक दुरुस्त करून पाठवा," त्या म्हणाल्या.

"दुरुस्तीला जन्मदाखला लागतो. दाखल्यावर तुझी तारीख एक, शाळेच्या प्रमाणपत्रावर दुसरी. दोन महिने जातील." पद्मनाभय्यांनी पेन उघडलं. "त्यापेक्षा संमती देऊन टाकू. संमती सोपी आहे."

"कोणाची संमती?"

"पालकाची. मी आहे ना."

"तुम्ही माझे बाबा होणार?"

"कागदोपत्री," पद्मनाभय्या म्हणाले आणि सही केली.

संमती मंजूर झाली. तक्रार नामंजूर झाली. घडलेलं हत्यार परत घेता येत नाही, चुकांमधूनच छोटे साहसवीर शिकतात, असं कळवलं गेलं.

शनिवारचा दिवस बाईंनी घराची कोळिष्टकं काढण्यात घालवला. घरात कोळिष्टकं नव्हती.

रविवारी तीनला, बुधवारनंतर पहिल्यांदाच, त्यांनी हेडफोन चढवला आणि बेटावर पाऊल ठेवलं. आल्याबरोबर सगळं सांगून मोकळं व्हायचं, हे त्यांनी देवासमोर ठरवलं होतं. नदी काठाला लागली होती. कमरुन्निसा दगडी टिकावानं खडकावर ठोके घालत होती. बांध गुडघ्याएवढा झाला होता. फिलोमिनाचा चर नदीपासून निघून मधेच थांबला होता. गौरम्मानं चार खांबांपैकी दीड खांब उभा केला होता. तिघींची वेगवेगळी तीन अर्धी कामं.

"ऐका गं," बाई म्हणाल्या. "मी एक घोळ केलाय."

कुणी वळलं नाही.

"हॅलो? फिलोमिना? कमर? हॅलो!"

हेडफोनमध्ये नुसता पाऊस. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली: तुझ्या वयाच्या खेळाडूंसाठी बोलणं आणि ऐकणं बंद आहे. काही अडचण असल्यास पालकांशी बोल.

"बोल," शेजारच्या खुर्चीतून पद्मनाभय्या म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर ते उठून वर्तमानपत्र आणायला गेले. वर्तमानपत्र खुर्चीवरच होतं.

बाई बेटावर उड्या मारू लागल्या. गौरम्माच्या खेळातल्या बाहुलीनं मान वळवून पाहिलं. पाहिलं ते बाईंकडे नाही, त्यांच्या हातातल्या लखलखत्या कात्रीकडे. मग तिनं पाठ फिरवली आणि पुन्हा झाडावर कुऱ्हाड घालू लागली. ठक. ठक. चार महिने 'ट्रंक लाइन दे' म्हणताना तिची पाठ अशीच दिसायची.

मोबाइल टेबलावरच होता. बाईंनी तो उचलला, गौरम्माचं नाव काढलं. पण सांगायला सुरुवात कुठून करायची? कात्रीपासून सुरू केलं तर पुढे 'नियम सात' येतो, फुगा येतो, सगळी गंमतच होते. आणि गमतीच्या मागे पुन्हा तो खण उरतोच. आणि आता अचानक, तीस वर्षं धूसर असलेला तो खण त्यांना लख्ख दिसला. परिपत्रक वरच होतं. रोज डबा काढताना दिसत होतं. त्या विसरल्या नव्हत्या. उद्या दाखवू, म्हणत होत्या.

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. घड्याळात तीन बारा.

बाई मेंढ्यांच्या कळपात घुसल्या. पोलादी कात्रीचं काम खरोखर दसपट होतं. एक कचका आणि ढीगभर लोकर. एक मेंढी, दुसरी, पाचवी, अकरावी. तेरा मेंढ्या उघड्या झाल्या. चौदावी जी उधळली ती दिसेनाशी झाली. लोकर पाठीवर घेऊन बाई घरामागच्या टेकडीच्या हिरव्या उतारावर चढल्या आणि पांढऱ्या लोकरीचे ठोकळे मांडायला लागल्या. एकेक अक्षर घराएवढं. कानडीत 'चूक झाली' म्हणायला 'तप्पायितु' हा एकच शब्द पुरतो. पण लोकरीनं लिहायचा म्हटला तर तोही फार लांब आहे.

तीन सत्तावीसला शेवटचं अक्षर झालं. लोकर संपली. खाली फिलोमिना थांबली होती. तिनं कमरुन्निसाला हलवलं. दोघी वर बघत राहिल्या. गौरम्माची कुऱ्हाड अजून चालली होती. ठक. ठक. मग तीही थांबली.

साडेतीनला पाणी आलं. बांधावरून आलं, चरातून आलं, दीड खांबाला वळसा घालून आलं. तुळशीकट्टा गेला, जिना गेला, पाहुण्यांची खोली तरंगत दूर निघाली. तिन्ही बाहुल्या धडपडत टेकडी चढल्या आणि अक्षरांपाशी येऊन उभ्या राहिल्या. पाऊस कोसळत होता.

टेबलावरचा मोबाइल वाजला.

"हॅलो," बाई म्हणाल्या.

"बोलत का नाहीस?" गौरम्मा म्हणाली.

"मी लहान आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे यांनी... यांच्या सहीनं... ते मागाहून सांगते."

"हे वर लिहिलंयस ते कात्रीबद्दल का?"

लाइनवर नुसती खरखर होती. त्या दोघींना एकमेकींच्या खरखरीतलं कळायचं.

"नाही," सरोजाक्षीबाई म्हणाल्या. "मी विसरले नव्हते गौरा. रोज दिसत होतं मला ते."

पडद्यावर गौरम्माची बाहुली त्या पांढऱ्या अक्षरांच्या कडेकडेनं चालत गेली, टोकाला पोचली, परत फिरली.

"माहीत होतं," गौरम्मा म्हणाली. मग नाक ओढून, अगदी ज्येष्ठ ऑपरेटरच्या आवाजात, "आणि लिहायचंच तर नीट लिही. 'तप्पायितु'ला 'पा'च्या खाली आणखी एक प लागतो. तू एकच काढलायस. हे 'तपायितु' झालं. ह्याला काही अर्थच नाही."

"लोकर संपली गं."

"एक मेंढी आहे अजून. ती बघ, त्या खडकामागे. पळाली! फिलोमिना, डावीकडून घे! अगं कमर, तू अशी मधे काय उभी राहतेस!"

गौरम्मानं फोन कानाला तसाच ठेवला होता. खाली आठ महिन्यांचं दुमजली घर कलंडून समुद्राकडे चाललं होतं. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चौघीजणी भर पावसात टेकडीवर त्या एका मेंढीमागे धावत होत्या, आणि सगळ्यांत पुढे, पोलादी कात्री उगारून, सरोजाक्षीबाई.